काळ्या डागावर सागवानी पट्टी: दुरुस्ती की झाकपाक?

खारावारा:
परवा इथे एकाने आपल्या शिडाच्या होडीच्या केबिनचे फोटो टाकले. चेनप्लेटखालचं (डोलकाठीच्या तारा अडकवायची धातूची पट्टी) विनियर, म्हणजे प्लायवरचा पातळ लाकडी थर, काळं पडून फुगलेलं. त्यावर सागाची पट्टी ठोकली, पॉलिश मारलं, "दोन दिवसांत होडी नवी". खाली सगळ्यांचं वा वा! मला राहवलं नाही. अहो, तो डाग म्हणजे डेकमधून पाणी झिरपतंय. त्याच बल्कहेडला, म्हणजे होडीतल्या प्लायच्या आडव्या भिंतीला, चेनप्लेटचे बोल्ट आहेत, चेनप्लेटला श्राउड, म्हणजे डोलकाठी बाजूने धरणारी तार, आणि श्राउडच्या ताणावर डोलकाठी. प्लाय कुजला तर ती उभी कशावर राहणार? ओल्या लाकडात दबलेलं स्टेनलेसही गंजतं, हवा लागत नाही म्हणून. बाहेरचा भाग चकचकीतच दिसतो.

शिडवाला२६:
फोटो माझेच. न विचारता झाकपाक म्हणू नका. आधी गळती बंद केली, जुनं सीलंट खरवडून नवं भरलं, एक पावसाळा कोरडा गेला, मग पट्टी लावली. बल्कहेड बदलायचं तर अर्धी केबिन फोडावी लागते. पैसे तुम्ही देणार?

रेवसकर:
मूळ दुखणं प्लायचं आहे. ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या आयएस मानकाचा, शिक्का बघून मी पूर्ण पैसे मोजले, कापला तर मधल्या थरात बोट जाईल एवढी पोकळी. दुकानदार म्हणतो, सगळ्यांचा असाच येतो!

सुताराचा_नातू:
शिक्क्याला शिव्या देताय, पण कापलेल्या कडांना एपॉक्सी पाजलं होतं का? पाणी कडेतूनच शिरतं.

रेवसकर:
पाजलं होतं, दोन हात. पोकळी माझ्या एपॉक्सीने झाली का? उगाच शिकवू नका.

सुताराचा_नातू:
बरं, तुमचा प्लाय खोटा होता, मान्य. पण चांगला प्लायही कुजताना पाहिलाय. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी, समुद्राचं त्यामानाने कमी. आमची होडी पावसाळ्यात ताडपत्रीखाली किनाऱ्यावर होती. गणपतीनंतर बल्कहेडला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. वरचं विनियर शाबूत होतं. शिडवाले, एकदा पट्टी काढून टोचून बघा.

शिडवाला२६:
काढली. वर टणक आहे, खालच्या बोल्टपाशी चार बोटं मऊ. खारावारा, तेवढ्यापुरतं तुमचं खरं. बोल्ट काढून चेनप्लेट तपासतो, मऊ भाग कापून नवा तुकडा बसवतो. पट्टी मात्र पुन्हा लावणार. गोंद न लावता नुसत्या स्क्रूवर, म्हणजे दर पावसाळ्यानंतर काढून बघता येईल.