'डेड' म्हणजे प्रत्येक वेळी 'मृत' नव्हे

उन्हाळ्यात उजनी धरणाच्या बातम्या सुरू झाल्या की 'मृत साठा' हा शब्द मला दर वर्षी खटकतो. पूर्ण भरल्यावर उजनीत सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्यातील सुमारे ६३ टीएमसी 'डेड स्टोरेज' म्हणून गणले जाते. म्हणजे शब्दशः घेतले तर धरणातले निम्म्याहून अधिक पाणी मेलेलेच आहे. वास्तविक धरणाच्या आराखड्यात नेहमीच्या वापराच्या हिशेबाबाहेर ठेवलेला तळाचा भाग, एवढाच येथे 'डेड'चा अर्थ आहे. पातळी उणे झाल्यावर, म्हणजे नेहमीच्या वापराचा साठा संपल्यावर, सोलापूरकरांची तहान याच पाण्यावर भागते. ज्या पाण्यावर माणसे जगतात त्याला मृत म्हणणे मला पटत नाही. काही बातम्यांत त्याला 'अचल साठा' म्हटलेले आढळते आणि तो शब्द मला कितीतरी अधिक योग्य वाटतो.

जुन्या कार्यालयीन परिभाषेने हा विवेक पाळला होता. शाळा-कचेऱ्यांतील खुर्च्या, टेबले, कपाटे यांची नोंद ज्या 'डेड स्टॉक रजिस्टर'मध्ये होते, त्याला मराठीत 'जडवस्तू संग्रह नोंदवही' म्हणतात. तेथे कोणी 'मृत संग्रह' केला नाही, कारण खर्चून न संपणाऱ्या, जागेवर टिकून राहणाऱ्या वस्तू हा त्या 'डेड'चा अर्थ भाषांतरकाराने ओळखला होता. दुकानदाराचा 'डेड स्टॉक' मात्र निराळा. तो न खपलेला माल असल्यामुळे त्याला 'पडून राहिलेला माल' हेच शब्द शोभतात.

माणसाच्या बाबतीतही अडचण येते, आणि ती व्याकरणाची आहे. इंग्रजीत 'डेड' हे विशेषण एक स्थिती सांगते, तर मराठी बोलताना आपण मृत्यूची घटना क्रियापदाने सांगतो: ते गेले, वारले, निवर्तले. अमुक मनुष्य दहा वर्षे 'डेड' आहे हे इंग्रजी वाक्य मराठीत 'त्यांना जाऊन दहा वर्षे झाली' असेच होते. चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांत 'तो मृत आहे' असे वाक्य दिसते तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द मराठी असूनही ते वाक्य कोणत्याही मराठी घरात उच्चारले जाणार नाही. 'मृत' आणि 'मयत' ही विशेषणे आपण पंचनाम्यात, वारसनोंदीत आणि अपघाताच्या बातमीत वापरतो. त्यांना कागदाचा वास आहे.

व्युत्पत्तीनेही 'डेड' आणि 'मृत' या दोन शब्दांचे नाते नाही. 'डेड' जर्मानिक कुळातला आहे. संस्कृत 'मृ' धातूची इंग्रजीतली भावंडे म्हणजे 'मॉर्टल', 'मर्डर' आणि, अनेकांना आश्चर्य वाटेल, गहाणखतासाठीचा 'मॉर्गेज', ज्याचा जुन्या फ्रेंचमधील शब्दशः अर्थ 'मृत तारण' असा होतो.

'डेड'चा सर्वांत लक्षणीय अर्थ मला 'पूर्णपणे, अगदी' हा वाटतो. 'डेड सेंटर' म्हणजे अगदी मधोमध, 'डेड स्ट्रेट' म्हणजे सरळसोट, 'डेड टायर्ड' म्हणजे गळून गेलेला. मृत्यूइतके पूर्ण आणि अपरिवर्तनीय दुसरे काही नसल्यामुळे त्या शब्दात संपूर्णतेचा अर्थ शिरला असावा, असे मी समजतो. मराठीतही मरणाने तीव्रता दाखवण्याची रीत आहे: मरणाचे ऊन, मरणाची थंडी, मरणाची गर्दी. परंतु आपल्या 'मरणाचा'मध्ये असह्यपणा आहे, अचूकपणा नाही. त्यामुळे 'मरणाचा उकाडा' म्हणता येते, 'मरणाचे बरोबर' म्हणता येत नाही, आणि 'डेड राइट'साठी 'अगदी बरोबर' यावरच थांबावे लागते.

कार्य थांबल्याचा अर्थ मराठी बहुधा 'पडणे', 'उतरणे' अशा क्रियापदांनी सांगते. फोन बंद पडतो, बॅटरी उतरते, पाय बधिर होतो. तरीही आपण वस्तूंना कधी मारतच नाही असे मात्र नाही. अवेळी खाल्ल्याने भूक मरते, आणि घराची आखणी चुकली की कोपऱ्यातली जागा मरते. ही रूपे कोणत्याही भाषांतरातून आलेली नाहीत, म्हणून इंग्रजीतल्या 'डेड स्पेस'साठी 'मेलेली जागा' मला निःसंकोच चालेल. निर्विकार चेहऱ्याच्या 'डेडपॅन'साठी तर 'मख्ख' हा अस्सल शब्द तयारच आहे.

'डेडलाइन'मध्ये मात्र मृत्यू खराखुरा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६४ मध्ये, जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या रेषेचे नाव 'डेड लाइन' होते. वेळेच्या मर्यादेचा अर्थ नंतर अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या व्यवहारात रूढ झाला. आपली 'मुदत' या रक्तपातापासून पूर्ण अलिप्त आहे, आणि 'मुदत टळली' म्हणताना कोणाच्या जिवावर बेतत नाही.

क्रिकेटमधला 'डेड बॉल' मला अजून सोडवता आलेला नाही. नियमावलीतील २० वा नियम या चेंडूविषयी आहे. डेड झालेल्या चेंडूवर धाव मिळत नाही आणि गडीही बाद होत नाही, पण गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धाव घेऊ लागला की तोच चेंडू पुन्हा खेळात येतो. 'मृत' म्हटले तर हे पुनरागमन अशक्य ठरते, 'निर्जीव' म्हटले तर चेंडू सदैवच निर्जीव असतो, आणि 'खेळाबाहेरचा चेंडू' म्हटले तर तो सीमारेषेपलीकडे गेल्यासारखा वाटतो. गल्लीतली मुले 'बॉल डेड झाला' म्हणतात आणि त्यांच्यात त्या अर्थावरून भांडण होत नाही. तूर्तास मी त्यांचेच ऐकतो.