[फराळ] नव्या लॅपटॉपवर वजनकाटा सापडत नाही

प्रेषक: फराळताई
शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

उद्या सकाळी नऊला हॉलच्या तळघरात चिवड्याची पाकिटं भरायला बसायचंय आणि मंडळाच्या नव्या लॅपटॉपवर वजनकाटा चालत नाहीये. काटा तोच, वायर तीच, गेल्या वर्षीचा पायथनचा प्रोग्रॅमही तोच. सुरू केला की लाल अक्षरांत येतं, "कॉम३ उघडता आलं नाही, फाइल सापडली नाही." कुठली फाइल? मी कुठलीच फाइल मागितलेली नाही. वायर तीनदा काढून घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, काट्याला हातही जोडले. १८० पाकिटं आहेत हो. हाताने वजनं लिहायची वेळ आणू नका.

---

प्रेषक: प्रोग्रॅमवाला
शुक्रवार, रात्री १०:०५

ताई, चूक माझी. गेल्या वर्षी घाईत प्रोग्रॅममध्ये काट्याच्या पोर्टचं, म्हणजे जोडणीच्या जागेचं, नाव थेट "कॉम३" लिहून मोकळा झालो होतो. नव्या लॅपटॉपने काट्याला दुसराच नंबर दिला असणार. "फाइल सापडली नाही" याचा अर्थ एवढाच, की या नावाचं पोर्टच नाही. पोर्ट असतं आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवलं असतं, तर "प्रवेश नाकारला" असं आलं असतं. काटा धडधाकट आहे, काळजी नको.

काटा आणि लेबल प्रिंटर दोन्ही जोडून ठेवा आणि काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ही ओळ द्या. टाइप इंग्रजीतच करायची. इथे देवनागरीत लिहितोय ते आपल्या यादीच्या नियमापायी:

पायथन -एम सीरियल.टूल्स.लिस्ट_पोर्ट्स -व्ही

मोड्यूल नाही म्हणाला तर आधी पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, "पायसीरियल" इन्स्टॉल करा. नुसतं "सीरियल" करू नका, त्या नावाचं पॅकेज भलतंच आहे. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती.

---

प्रेषक: फराळताई
शुक्रवार, रात्री १०:२२

चार पोर्ट दिसली. कॉम४ आणि कॉम५ समोर ब्लूटूथ लिहिलंय. कॉम७ समोर सीएच३४० आणि खाली १ए८६:७५२३. कॉम९ च्या खाली ०४०३:६००१. कॉम३ औषधालाही नाही! मग प्रोग्रॅममध्ये ३ चं ७ करू का?

---

प्रेषक: प्रोग्रॅमवाला
शुक्रवार, रात्री १०:५०

नको. आज चालेल, पण उद्या कुणीतरी वायर शेजारच्या खाचेत घालेल आणि पुन्हा बोंब.

कॉमचा नंबर म्हणजे पंगतीतलं पान. कुठल्या पानावर बसलाय यावरून माणूस ओळखायचा नसतो. माणसाचं नाव-आडनाव म्हणजे तुम्ही पाठवलेले ते दोन आकडे: पहिला चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. १ए८६:७५२३ म्हणजे सीएच३४०, स्वस्त वायरींमध्ये हमखास सापडणारी चिप. हा आपला काटा. ०४०३ म्हणजे एफटीडीआय, दुसरी चिप कंपनी. ती प्रिंटरची वायर. ब्लूटूथवाल्या दोघांकडे असे यूएसबीचे आकडेच नसतात.

म्हणून प्रोग्रॅम आता असा केलाय: लिस्ट_पोर्ट्स मधल्या कॉमपोर्ट्स फंक्शनकडून सगळी पोर्ट मागायची, प्रत्येकाचे व्हीआयडी आणि पीआयडी, म्हणजे तेच दोन आकडे, बघायचे, जुळलं की त्याचं डिव्हाइस, म्हणजे "कॉम७" जे काही असेल ते, उघडायचं. काहीच जुळलं नाही तर लाल अक्षरांऐवजी सरळ मराठीत "काटा जोडलेला नाही". पाच ओळींचं काम, गेल्या वर्षीच करायला हवं होतं.

एक गंमत. यादीतले हे आकडे सोळाच्या पायाचे (हेक्स) आहेत, पण पायथन ते साध्या दशमान पद्धतीने छापतो, त्यामुळे १ए८६ च्या जागी ६७९० आणि ७५२३ च्या जागी २९९८७ दिसतं. दिसलं तर दचकू नका.

आणि प्रत्येक पोर्ट उघडून "काटा आहेस का रे" असं विचारत फिरायचं नाही. ब्लूटूथचं पोर्ट उघडायला गेलं की प्रोग्रॅम बराच वेळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो.

---

प्रेषक: लिनक्सवाले काका
शुक्रवार, रात्री ११:१५

अरे, हे सगळे विंडोजचे चोचले. माझा उबुंटूचा लॅपटॉप आणतो उद्या. तिथे देव/सीरियल/बाय-आयडी या फोल्डरमध्ये बघ, जोडलेलं प्रत्येक यंत्र नावानिशी असतं. टीटीवाययूएसबी० आणि १ (आमच्याकडची कॉमसारखी नावं) यांच्या भानगडीत पडूच नये, जो आधी जोडला तो शून्य.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. "परवानगी नाही" असं आलं तर आपलं खातं डायलआउट गटात (ज्याला ही पोर्ट वापरायची परवानगी असते) घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० जोडली की क्षणभर दिसायची आणि गायब. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींत, बघितलं तर बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम तिला पळवत होता. तो ब्रेल डिस्प्लेसाठी असतो. माझ्या घरी तसा कुणी वापरत नाही, म्हणून काढून टाकला. तुमच्याकडे वापरत असेल तर काढू नका.

---

प्रेषक: फराळताई
शुक्रवार, रात्री ११:३०

काका, लॅपटॉप आणा, पण चकलीचा सोऱ्या विसरू नका, तो जास्त महत्त्वाचा.

आणि दादा, एक सांगायचं राहिलं. यंदा दोन काटे आहेत. दुसरा अगदी तसाच, वायरसुद्धा तशीच. एक चिवड्याला, एक लाडवांना. दोघांचे आकडे सारखेच आले तर?

---

प्रेषक: प्रोग्रॅमवाला
शुक्रवार, रात्री ११:५२

हे आधी सांगायचं ना ताई!

एफटीडीआयच्या वायरी असत्या तर बहुतेक प्रत्येकीला स्वतःचा सीरियल नंबर मिळाला असता. आपल्या सीएच३४० ला तो नाही. तुमच्या यादीत "एसईआर=" च्या पुढे रिकामं असेल बघा. जुळी भावंडं, नावंही सारखीच. काकांच्या बाय-आयडीतही ही दोघं एकमेकांच्या पायात येतील. तिथे बाय-पाथ, म्हणजे खाचेवरून नावं देणारं फोल्डर, बघावं लागेल.

मग उरते जागा. त्याच ओळीत "लोकेशन=१-३" असं काहीतरी असतं, ती लॅपटॉपवरची खाच. डाव्या खाचेला लाल टेप, उजवीला पिवळी, तसंच वायरींना. प्रोग्रॅम लोकेशनवरून ठरवेल, आणि मधे हब घालायचा नाही, नाहीतर लोकेशन बदलतं.

तरी खात्री करायला सकाळी एकदा फक्त लाडवांच्या काट्यावर डबा ठेवा. दोन्ही पोर्टवरून येणाऱ्या ओळी मी पडद्यावर दाखवतोय. जिथे आकडा हलला तो लाडवांचा काटा. ओळीच्या सुरुवातीला "यूएस" असेल तर वजन अजून डुलतंय, "एसटी" आलं की स्थिर. प्रोग्रॅम एसटीसाठी थांबतो, उगाच घाई करून पाकीट उचलू नका.

---

प्रेषक: फराळताई
शनिवार, दुपारी १:१०

चाललं! डबा ठेवला आणि पिवळ्या टेपवाल्या ओळीतला आकडा हलला. चिवड्याची ११० पाकिटं झाली, लेबलंही निघाली.

पण लाडवांच्या लेबलांवर ०.५५ किलो आलंय आणि पाकीट हातात घेतलं तर पाव किलोचं वाटतंय. काका म्हणतात काट्याच्या पडद्यावर कोपऱ्यात "एलबी" दिसतंय. लेबलं पुन्हा काढायची का?

---

प्रेषक: प्रोग्रॅमवाला
शनिवार, दुपारी १:१४

हो. तो काटा पौंडांवर आहे आणि मी ओळीतलं एकक वाचतच नव्हतो, सरळ "किलो" छापत होतो. काट्यावरचं युनिट बटण दाबून "केजी" करा. दहा मिनिटांत सुधारलेला प्रोग्रॅम पाठवतो. तोवर लाडू कुणी विकू नका आणि खाऊही नका.