मदत हवी आहे: 'बे यार' मधल्या 'बे' ला मराठीत काय लिहू?

आईबाबांना घरी 'बे यार' दाखवायचाय (२०१४ चा गुजराती पिक्चर, अभिषेक जैनचा). चको आणि टिनो हे दोन दोस्त चकोच्या बापाच्या चहाच्या टपरीवरचं हुसेनचं पेंटिंग गुपचूप गहाण ठेवतात, गॅलरीवाला फसवतो आणि मग हेच त्याला उलटं गंडवायला निघतात. आईला गुजराती अजिबात येत नाही म्हणून मीच सबटायटल लिहायला बसलीये, साधारण अर्धा पिक्चर झालाय.

आधी मशीनला विचारलं, तर 'बे यार' चं 'दोन मित्र' केलंन, बे एके बे वालं बे! चुकून अगदीच चूक पण नाही म्हणा 😄

मग 'अरे' घातलं, फारच सोज्वळ वाटतं. 'लेका' घातल्यावर पोरं अमदाबादची न राहता सदाशिव पेठेतली झाली. नागपुरी 'काय बे' सगळ्यात जवळचं वाटतं, पण आई साताऱ्याची, तिला 'बे' म्हणजे भांडणच वाटतं. चहाच्या 'किटली' ला टपरी आणि 'अडधी' ला कटिंग केलंय, ते ठीक आहे ना?

आई सावकाश वाचते, म्हणून एका वेळी दोनच छोट्या ओळी, कंसात अर्थ वगैरे नको. तयार फाईलची लिंक पण नको, संवाद कानाने ऐकून जमतायत.

तर अमदाबाद-बडोद्यात राहिलेल्यांनी सांगा, दोस्तादोस्तातला हा 'बे' तसाच ठेवू की 'भावा', 'यार' असं काही चालेल, आणि बापासमोर बोलताना पोरं तो गाळतात का?