अनुभव धागा: लाज कुठे कुठे असते?

हेलसिंकीतल्या पहिल्याच हिवाळ्यात सार्वजनिक तरणतलावावर गेले. नाशिकला घालायचे तोच गुडघ्यापर्यंतचा पोशाख. पोहून झाल्यावर तशीच बायकांच्या सॉनात (घाम काढायच्या गरम खोलीत) शिरले. आत सात-आठ जणी, सत्तरीच्या आजीपासून शाळकरी पोरीपर्यंत, सगळ्या उघड्या आणि निवांत. माझ्याकडे मात्र असं बघितलं, जणू मीच काही भलतं करून आले होते. एका आजींनी दारावरची पाटी दाखवली: पोहण्याचे कपडे सॉनात चालत नाहीत. पाण्यात उतरण्याआधीही सगळं काढून अंग धुवायचं असतं, आणि मी तेही केलं नव्हतं! त्यांच्या लेखी अंगभर कपडा हा गलिच्छपणा. बसायला पंचा मात्र हवाच.

पुढे आई इथे आली. तिला सॉना कधीच पटला नाही. पण जिन्यात भेटलेल्या शेजारणीला तिने पहिल्याच दिवशी मुलं किती, पगार किती विचारलं, आणि ती बाई कानापर्यंत लाल झाली.

तुमचं असं कुठे झालं? श्रद्धेपोटी, सवयीपोटी, कशाहीपोटी. मागासलेलं कोण, पुढारलेलं कोण हा वाद तेवढा नको.

*

तिरुवनंतपुरम, पद्मनाभस्वामी मंदिर. बायकोला सलवारीवरून मुंडू (तिकडची लुंगी) गुंडाळायला लावलं आणि मला शर्ट काढायला. तिला आणखी झाका, मला उघडा करा! पुण्यात मी गॅलरीतसुद्धा बनियनवर येत नाही. पोट आत ओढून अख्खी रांग काढली. पुढे-मागे सगळेच तसे, त्यामुळे गाभाऱ्यापाशी पोहोचेपर्यंत विसरलो. शर्ट काढायची ही चाल जानवं दिसावं म्हणून पडली, ती आता बंद करा, असं केरळातल्याच, जातिभेदाविरुद्ध लढलेल्या नारायण गुरूंच्या शिवगिरी मठाच्या प्रमुखांनी २०२४च्या अखेरीस जाहीरपणे म्हटलं, तेव्हा ती रांग आठवली. मला पोटाची काळजी होती. जानव्याचा विचार मनात आला नव्हता, कारण ते माझ्या गळ्यात होतं.

*

'श्रद्धेपोटी' हा शब्द खटकला. सासरी (सातारा जिल्हा) मामंजींसमोर डोक्यावर पदर घ्यायचे, तेव्हा श्रद्धा कुणाची होती? माझी नव्हती. एकदा गॅसपाशी पदर पेटता पेटता वाचला. त्या दिवशी मामंजीच म्हणाले, "सूनबाई, राहू द्या आता." मी सोडला. जाऊबाई अजून घेतात. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, "उघड्या डोक्यानं मलाच कसंतरी होतं गं." यावर काय बोलणार.

*

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये औषधांच्या दुकानात काम करते. आजूबाजूला सनातनी ज्यू वस्ती. तिथल्या बायका लग्न झालं की स्वतःचे केस परपुरुषाला दाखवत नाहीत. त्यावर विग घालतात, त्याला 'शायटल' म्हणतात. विग इतके सुंदर की खरे केस फिके पडावेत. मला हसू यायचं, लपवायचेत की मिरवायचेत? एका गिऱ्हाईक बाईंनी शांतपणे सांगितलं, "माझे कुणाला दिसत नाहीत. हे माझे नाहीत."

त्यांच्याकडूनच २००४ची गोष्ट कळली. विगांतले केस तिरुपतीला देवाला वाहिलेले असतात असं कळल्यावर काही रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) ते निषिद्ध ठरवले, कारण त्यांच्या मते ती मूर्तिपूजेची वस्तू. ब्रुकलिनमध्ये लोकांनी रस्त्यावर विग जाळले. माझ्या मावशीने नवस फेडायला कमरेइतके केस तिथेच दिले होते. इकडे बाई लाजेखातर केस झाकते, तिकडे मावशी भक्तीपोटी चारचौघांत टक्कल करून येते! ते कुठे गेले असतील हा विचार मावशीला मी अजून सांगितलेला नाही.

*

दुकानावरून आठवलं. आमच्या ऑफिसात अशाच एका सनातनी ज्यू बाईंपुढे मी हस्तांदोलनाला हात केला आणि त्या मागे सरकल्या. परपुरुषाचा स्पर्श त्यांना चालत नाही. मी घाईघाईत नमस्कार केला. त्यांनी हसून मान लववली. तेव्हापासून सगळ्यांनाच नमस्कार, भानगड नाही.

*

आजी रत्नागिरीची. जन्मभर काष्ट्याचं नऊवारी, पोटऱ्या उघड्या, भातलावणीच्या वेळी तर लुगडं गुडघ्याच्याही वर खोचलेलं. म्हातारपणी आमच्याकडे इंदूरला राहायला आली. शेजारी एक मारवाडी आजी: घुंघट हनुवटीपर्यंत आणि कांचळी-घागऱ्याच्या मध्ये पोट उघडं. दोघींची भाषा वेगळी, तरी दुपारी ओट्यावर एकत्र शेंगा सोलायच्या. संध्याकाळी दोघी वेगवेगळ्या येऊन आईच्या कानात सांगायच्या, "बाई चांगली आहे हो, पण लाज म्हणून नाही."