शब्दचर्चा : खासदार ‘तटस्थ’ राहिले म्हणजे नेमकं काय केलं?

जुनी वही : आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकासाठी खासदारांच्या कामगिरीवर अर्ध्या पानाचा मजकूर जुळवतोय. मतदानाच्या चौकटीत अडलो. एकाच विधेयकाबद्दल एका बातमीत ‘तटस्थ राहिले’, दुसरीत ‘गैरहजर’, तिसरीत ‘सभात्याग’. समानार्थी धरून एकच शब्द वापरू का? शिवाय सभागृहात बाजूची आणि विरोधी मतं मोजून घेतात, त्याला ‘मतविभागणी’ बरोबर की ‘मतविभाजन’?

शेरेबाज : अजिबात समानार्थी नाहीत. लोकसभेत यंत्रावर मतदान होतं तेव्हा हिरवं बटण बाजूने, लाल विरोधात आणि पिवळं तटस्थ. पिवळं दाबणारा माणूस आत बसलेला असतो आणि तशी त्याची नोंद होते. सभात्याग करणारा दाराबाहेर गेलेला, त्यामुळे मतांच्या आकड्यांत तो कुठेच नाही. गैरहजर माणूस त्या दिवशी आजारी असेल, नाहीतर मतदारसंघात कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकत असेल. त्यातून भूमिका काढता येत नाही.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयक आठवा. ९ डिसेंबर २०१९ला लोकसभेत शिवसेनेने बाजूने मत दिलं (तिथे ३११ विरुद्ध ८० असा निकाल लागला) आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. याला ‘तटस्थ’ म्हटलं तर मधल्या दोन दिवसांतलं राजकारणच पुसलं जातं. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. हे तर तट सोडून घरी निघाले!

कोकणकडा : पण वाचकांना ‘तटस्थ’ पटकन कळतं. ‘सभात्याग’ जरा सरकारी वाटतो.

शेरेबाज : मग ‘मतदानाआधी उठून गेले’ लिहा, कोण अडवतंय? आणि आणखी एक गंमत. घटनादुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्तही लागतात. पहिल्या हिशेबात पिवळं बटण दाबणारा मोजलाच जात नाही, म्हणजे विधेयकाला तेवढीच मदत. दुसऱ्या हिशेबात त्याचं न दिलेलं मत विरोधी मताइतकंच नडतं. राज्यघटनेच्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातही पक्षादेशाविरुद्ध (म्हणजे व्हीपविरुद्ध) मत देणं आणि मतदान टाळणं एकाच पंगतीला बसवलंय. पूर्वपरवानगी नसेल आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नसेल, तर दोन्हींत पद जाऊ शकतं. त्यामुळे ‘तटस्थ’ या शब्दात जो निवांतपणा वाटतो, तो प्रत्यक्षात नाही.

टाकबोरू : मतविभाजन लिहा. ‘मतविभागणी’ निवडणुकीच्या बातम्यांनी कधीच पळवलाय. वाचकाला वाटेल, कुणीतरी कुणाची मतं खाल्ली.

मात्र चौकट भरायला फारसा ऐवज हाती लागणार नाही, हे आधीच सांगतो. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. ‘होय’ म्हणणारे जोरात ओरडतात, ‘नाही’ म्हणणारेही ओरडतात, अध्यक्ष निकाल सांगतात, आणि कोण काय ओरडलं याची नावनिशीवार नोंद उरत नाही. कुणी मतविभाजन मागितलं आणि ते झालं, तरच नावं कागदावर येतात. घटनादुरुस्तीला ते करावंच लागतं. म्हणून तर २० सप्टेंबर २०२३ला लोकसभेत महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्ती विधेयकावर ४५४ विरुद्ध २ असा नेमका आकडा मिळाला, आणि त्या दोघांत असदुद्दीन ओवैसींसोबत औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते हेही कळलं. तेव्हा ‘खासदारांनी अमुक विधेयकाला पाठिंबा दिला’ असं लिहिताना मत दिलं, भाषण केलं की नुसता पक्ष बाजूने होता, हे बघून घ्या.

कोकणकडा : व्हीपचंही सांगून टाका. ‘तीन ओळींचा व्हीप’ वाचलं की मला तीन ओळींची चिठ्ठीच दिसते.

टाकबोरू : सर्रास छापतात तसं. त्या ओळी मजकुराच्या नव्हेत. सूचनेखाली मारलेल्या रेघा आहेत. एक रेघ म्हणजे कळवलंय, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहा आणि सांगू तसंच मत द्या. ‘तीन रेघी’ म्हणायला हरकत नाही. आणि माणूस तो प्रतोद, त्याने काढलेला तो पक्षादेश; इंग्रजीत दोघांना एकच शब्द, आपल्याकडे सोय आहे तर वापरावी. एरवी विधानभवनापुरता असलेला ‘प्रतोद’ २०२२मध्ये शिवसेना फुटल्यानंतर चहाच्या टपरीवर पोचला. ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा हक्क विधिमंडळ पक्षाला (म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या गटाला) नाही तर राजकीय पक्षाला आहे, असं सांगत शिंदे गटाचे प्रतोद म्हणून भरत गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली, तेव्हा कुठे लोकांनी कोश उघडले. मूळ अर्थ चाबूक किंवा पराणी.

शेरेबाज : जुनी वही, खासदारांच्या कार्यअहवालातली क्रियापदं जशीच्या तशी उचलू नका, एवढी विनंती. गुळगुळीत कागद, पानोपानी फेटे आणि कुदळ मारतानाचे फोटो, खाली ‘यांच्या अथक पाठपुराव्यामुळे मंजूर’. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, पण त्यातून खासदार कामाची शिफारस करतात; मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. त्यामुळे खासदार निधीतल्या कामाला ‘शिफारस केली’ लिहा. ‘आणला’ हे क्रियापद तर रस्ता, रेल्वेगाडी, पाऊस कशालाही लावतात. ‘पाठपुरावा’ लिहायचाच असेल तर पत्राची किंवा प्रश्नाची तारीख मागा.

जुनी वही : आभार. शेवटचं एक. आमचे खासदार मध्ये दोन वर्षं राज्यमंत्री होते. त्या काळात हजेरीचा आणि प्रश्नांचा रकाना कोरा आहे. शून्य टाकू?

टाकबोरू : शून्य नको. मंत्री हजेरीच्या वहीत सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. ‘लागू नाही’ लिहा, आणि खाली बारीक अक्षरात कारण द्या.