मदत हवी आहे : नावाच्या रकान्यात 'वऱ्हाडपांडे' कधी चालतं, कधी अडतं (रेगेक्स, म्हणजे मजकूर तपासायचा नमुना)

नमस्कार मंडळी,
नागपूरला महालातल्या एका वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म बनवतेय. नाव मराठीत किंवा इंग्रजीत, दोन्ही चालायला हवं. युनिकोडचा 'पी-एल' वर्ग, म्हणजे कुठल्याही लिपीतलं अक्षर, यू फ्लॅगसह (रेगेक्सला युनिकोड वाचायला लावणारी खूण) लावला. 'कमल' पास झालं, 'सुनीता' अडकलं. मात्रा 'पी-एम'मध्ये येतात हे कळल्यावर तोही जोडला. आता 'वऱ्हाडपांडे' काहींचं जातं, काहींचं नाही, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात! 'डि'सूझा'सुद्धा आयफोनवरून भरलं की अडतं.

आयुष्यभर जे आडनाव लावलं, त्याखाली 'कृपया योग्य नाव टाका' असं लाल अक्षरांत यावं, हे मला अजिबात पटत नाही. कुठे अडतंय? आणि आडनाव बंधनकारक ठेवावं का?

उत्तर :
ताई, हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक (२००डी). हा जोडक अक्षरही नाही आणि मात्राही नाही, त्यामुळे तुमचे दोन्ही वर्ग त्याला नाकारतात. २००डी आणि त्याच्या उलट, अक्षरं जुळू न देणारं अदृश्य चिन्ह २००सी, दोन्ही परवानगीच्या यादीत घाला. हा जोडक नुसता पुसून टाकू नका, रफार होऊन 'वर्हाडपांडे' उमटेल. साठवताना र, हलन्त, २००डी या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, म्हणजे शोधताना एकच आडनाव दोन ठिकाणी विखुरणार नाही.

आयफोन वळणदार अपॉस्ट्रॉफी (२०१९) टाकतो, तीही घ्या. पॅटर्न (म्हणजे हाच रेगेक्स) एचटीएमएलमध्येच लिहिला असेल तर चौकटी कंसातल्या हायफनआधी बॅकस्लॅश द्या. नवे ब्राउझर तो व्ही फ्लॅगने, म्हणजे यूपेक्षा कडक नियमांनी वाचतात, आणि त्यात बॅकस्लॅशविना हायफन चुकीचा ठरतो. पॅटर्न चुकीचा निघाला तर तपासणीच होत नाही, फक्त कन्सोलमध्ये एरर दिसते. सर्व्हरवर पीएचपी असेल तर तिथेही यू फ्लॅग लावा.

आडनाव सक्तीचं नको, एकच नाव लावणारी माणसं आहेत. आणि एसक्यूएल इंजेक्शन (रकान्यातून डेटाबेसला घातक आज्ञा घुसवणं) रोखायला हा रेगेक्स वापरू नका, त्यासाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आज्ञा आणि माहिती डेटाबेसला वेगवेगळी देणं.

प्रश्नकर्ती :
दोन्ही वऱ्हाडपांडे पास झाले, मनापासून आभार दादा! जुन्या नोंदींना नुसतं एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप) केलं तर पुरेल?

उत्तर :
नाही. एनएफसी झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. र, हलन्त, २००डीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा बदल वेगळा चालवा, आधी बॅकअप घेऊन.