परदेशात तुमचं असं कोण होतं? (गोव्याच्या मंडळींसाठी अनुभव धागा)

कुळागर
काल भाचीला मोपा विमानतळावर सोडून आले. लिस्बनला चालली आहे शिकायला. ट्रॉली ढकलता ढकलता तिने विचारलं, "मावशी, तिथे तुझं असं कोण होतं गं?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा.

आमचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद आजोबांवरून झाले. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस, मग त्याची मुलं, नातवंडं, हे सगळं इथे कुणाला सांगायला नको. नवऱ्याला लिस्बनहून पुढे इंग्लंडला जायचं होतं. ब्रेक्झिट झालं, तो रस्ता बंद झाला आणि आम्ही तिथेच राहिलो. फोंड्यात मी बँकेत होते, तिथे हॉटेलच्या खोल्या आवरायला लागले. त्याच मजल्यावर केप व्हर्दची (आफ्रिकेजवळची, एकेकाळी पोर्तुगीजांचीच बेटं) एक बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. चादरीचा कोपरा गादीखाली कसा दुमडायचा ते तिने हात धरून शिकवलं. माझं पोर्तुगीज तेव्हा नमस्कार-चमत्कारापुरतं. शनिवारी ती काशुपा आणायची, रात्रभर भिजवलेला मका आणि राजम्यासारखं कडधान्य घालून शिजवलेला. मी एकदा खतखतं नेलं तर तिने तिरफळ चावलं! जीभ बधिर झाली म्हणून घाबरली, मग इतकी हसली की सुपरवायझर बघायला आली.

एका दुपारी आमच्या आजोबांना शाळेत काय पाठ करायला लावायचे ते आम्ही ताडून बघितलं. दोघांनाही पोर्तुगालच्या नद्या! तेजू, दोरू, एका सुरात. माझ्या आजोबांना मांडवी कुठून निघते ते कुणी शिकवलं नाही आणि तिच्या बेटांवर तर नद्या बहुतेक कोरड्याच. त्या दिवशी वाटलं, ही माझी नात्यातली आहे. आई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या वाटच्या खोल्या तिनेच आवरल्या. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आता परत आलेय, ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, वारसाने आलं ते राहिलं, पण मतदार यादीतलं नाव गेलं. पंचायतीच्या निवडणुकीला सगळं घर मत द्यायला जातं, मी पोरांना सांभाळत घरी. ते मला लागतं, अजून लागतं.

तुम्ही सांगा. मैत्री, प्रेम, काहीही. आणि तिथे तुम्ही स्वतः कोण होता, तेही.

तारवटी
आय-९५ वर भेटली. बोटीवर काम केलेल्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी, क्रूझ बोटीच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा कामगारांचा पॅसेज, अमेरिकेतल्या हायवेचं नाव पडलंय त्याला. मी गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात), ती हाउसकीपिंगला, पेरू देशाची. पाहुण्यांशी सूत जुळवलं तर पुढच्या बंदरात उतरवतात, आपसात तशी आडकाठी नाही. पण कुणाचं काँट्रॅक्ट कधी संपणार आणि पुढची बोट कुठली, ते ऑफिस ठरवणार. त्यामुळे तिथलं प्रेम पहिल्या दिवसापासून तारीख बघत चालतं. आम्ही एकत्र बोट मागितली होती. मिळाली नाही.

ती उतरली त्या पहाटे क्रू ऑफिससमोर रांग होती, पासपोर्ट परत घ्यायची. ती साध्या कपड्यांत, छातीवर नावाची पट्टी नाही. तोवर मी तिला पट्टीशिवाय उजेडात कधी बघितलंच नव्हतं. त्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो ना. माझ्यावर इंडिया. पाहुणे खोदून विचारायचे, गोवा म्हटलं की लगेच बीच. माझं गाव सत्तरीत, डोंगरात. समुद्रावर पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीतून. पण ते ऐकायला कुणाला वेळ असतो? एवढी वर्षं मी लोकांसाठी बीचवरचा माणूस होतो. तिने मात्र म्हादई नदीचं नाव लक्षात ठेवलं होतं.

ती आता लिमात, लग्न झालेलं, मुलं आहेत. वाढदिवसाला मेसेज येतो. माझ्या बायकोला माहीत आहे सगळं.

अबोली
वाचतेय. पोदेर (पाववाला) आलाय आणि गॅसवर हुमण आहे. रात्री लिहिते.

डिचोलीकर
तारवटी दादा, वाचून गलबलून आलं. कुठली लाइन? माझा धाकटा एसटीसीडब्ल्यू (बोटीवरच्या कामासाठीचं ट्रेनिंग) करतोय.

तारवटी
मेसेज करतो तुला. सीडीसी (खलाशाचं पुस्तक) झालं का त्याचं? एजंटला पैसे देऊ नका काही झालं तरी.

मडगावची काकू
मी कुवेतची. लग्न होऊन साल्मियाला गेले तेव्हा शेजारी एक पॅलेस्टिनी कुटुंब होते. तिची आणि माझी भाषा एक नाही, पण दोघींची बाळे एका वयाची. आम्ही दुपारभर जिन्यात बसायचो. तिने मला वेलचीची कॉफी शिकवली, मी तिला नाचणीचे सत्त्व.

२ ऑगस्ट १९९० ला पहाटे आवाज सुरू झाले. सकाळी खिडकीतून बघते तर रस्त्यावर इराकचे रणगाडे. बँका बंद, दिनाराला किंमत राहिली नाही, बेकरीसमोर रांगा. तिचा नवरा रात्री कुठून तरी खुब्ज आणायचा आणि अर्धे आमच्या दारात ठेवायचा. स्वतःच्या पोरांच्या तोंडचे हो! आम्ही बसने बगदादमार्गे जॉर्डनला निघालो तेव्हा तिने बाळाची दुधाची भुकटी माझ्या पिशवीत कोंबली. अम्मानजवळ तंबूत राहिलो, मग एअर इंडियाने मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तसे परत आले, त्यात आम्ही.

युद्ध संपल्यावर हे परत कामावर गेले. त्या घरात दुसरे लोक. लढाईनंतर बहुतेक पॅलेस्टिनींना कुवेतमध्ये राहूच दिले नाही, लाखोंनी बाहेर काढले. ती कुठे गेली मला आजतागायत कळलेले नाही. आता नातू फेसबुकवर शोधून देतो म्हणतो, पण तिचे पूर्ण नाव मी कधी विचारलेच नव्हते. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमुकची आई. मी तिला तेच म्हणायचे, ती मला तेच.

कुळागर
काकू, काय बोलू. 🙏 बाळ कोण, तुमचा थोरला का?

मडगावची काकू
होय गे बाय. आता त्याचेच केस पांढरे झाले.

फोंडे ते मिसिसागा
काकूंच्या नंतर लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते, लंच टाइम आहे तोवर.

इथे कॅनडात आल्यावर आधी महाराष्ट्र मंडळात गेले. गणपतीचा कार्यक्रम होता, आरत्या सगळ्या पाठ, टाळ हातात घेतला. शेजारची बाई म्हणाली, "गोव्याच्या ना तुम्ही? मग मराठी कसं येतं?" चांगल्या मनाने विचारलं तिने. पण आमच्याकडे घरात कोकणी, आरती मराठी, पेपर मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, हे पाच मिनिटांत कसं सांगायचं? मग गोंयकारांच्या संघटनेत गेले. तिथे बहुतेक ख्रिश्चन, कोकणी रोमी लिपीतून, तियात्राची नाटकं, मांडोची गाणी. मला सगळं कळत होतं, पण चर्चच्या फेस्ताच्या आठवणी निघाल्या की माझ्याकडे सांगायला काही नसायचं. दोन्हीकडे मला मानाने बसवलं, आणि दोन्हीकडे मी पाहुणीच.

मैत्रीण मिळाली ती दुसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे गोंयकारांच्या संघटनेच्या पार्किंगमध्ये. साळगावची. हिमवादळात गाडी अडकलेली, फोनवर आईशी भांडत होती कोकणीतून. मी जाऊन मागून ढकलायला लागले. आज माझ्या पोरांची ती मावशी आहे. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) आम्ही दोघी बांधतो. इथे कांगलां, घागऱ्यो ही रानफळं कुठून मिळणार, म्हणून सफरचंदं, भोपळे, मक्याची कणसं. ती नाताळला नेवऱ्या करते, मी चवथीला करते, पुरण वेगळं, आकार तोच. गोव्यात असते तर तिची माझी गाठ पडली असती असं मला नाही वाटत. साळगाव-फोंडा जेमतेम तासाभराचं अंतर, पण शाळा वेगळ्या, लग्नं वेगळी, बाजारसुद्धा वेगळा.

शिगमो
मुळात १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीवर अन्याय झाला, तिथूनच हे सगळं

कुळागर
शिगमो, तुमच्या भावना मान्य, पण तो वाद इथे नको. त्याच्यावर आधीच तीन धागे आहेत.

शिगमो
बरं. राहिलं. तिरफळं तिकडे कशी नेता तुम्ही लोक? मुलगी बर्लिनला आहे, मागते सारखी.

कुळागर
सुकलेली, पॅकबंद, बिल ठेवून. ताजी फळं-भाजी नको देऊ बरोबर, युरोपात प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियान, एवढ्यालाच सूट. दूध-तुपाचं पण काही नको, काढून घेतात.

फोंडे ते मिसिसागा
नारळाला सूट! युरोपवाल्यांना आशीर्वाद 😄

पावसाळी
आधी कधी लिहिलं नाही इथे. इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, गोदामात शिफ्ट सुपरवायझर.

मला पुरुष आवडतात. गावात असताना हे स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. इथे आल्यावर पहिल्या वर्षी कळलं की बोलता येतं. माझा जोडीदार इंग्रज, नर्स आहे. इथे आमचं लग्न होऊ शकतं, २०१४ पासून कायद्याने तशी लग्नं होतात. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं २०१८ ला, पण लग्नाला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली नाही. म्हणजे विमानात बसलो की मध्ये कुठेतरी मी अविवाहित होणार.

एक गोष्ट सांगायची होती. तो माझं सगळं ऐकतो, मनापासून. पण आजी वारली तेव्हा मला रडायचं होतं ते आपल्या भाषेत, आणि गावच्या लोकांपासून तर मी लांब राहायचो, कळेल म्हणून. शेवटी शिफ्टमधल्या दीवच्या एका मुस्लिम काकांजवळ बोललो, मोडक्या हिंदीत. त्यांनी काही विचारलं नाही. स्वतःच्या आजीबद्दल सांगत बसले, ब्रेक संपला तरी.

आईला गेल्या चवथीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, त्याला मासे चालतात का.

अबोली
पावसाळी, तुझी आई 🧡

मडगावची काकू
बाबा, आणशील तेव्हा आमच्याकडेही घेऊन ये जेवायला. काकांना मी बघते.

डिचोलीकर
+१. फार धीराने लिहिलंस मित्रा.

पावसाळी
काकू 🙏 येणार. नक्की.

दांडो
माझं उलटं आहे, चालेल का? मी मांद्रेतच. परदेशी माझी बायको आहे, जर्मनीतल्या लाइपझिगची.

भेट हरमलला झाली, ती सुट्टीवर आलेली, माझं स्कूटर भाड्याने द्यायचं काम. लोकांना वाटतं अशी लग्नं व्हिसासाठी होतात. गोव्यात लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग हरकतीची मुदत, मग दुसरी सही. त्यात तिच्या देशाचे दाखले, त्यांचं भाषांतर, शिक्के. वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी, पोर्तुगीज कायद्यापासून चालत आलंय. तिला हे फार आवडलं, माझ्या थोरल्या भावाला फार लागलं. ओसीआयला लग्न नोंदवून दोन वर्षं व्हावी लागतात, तोवर व्हिसा, एफआरआरओ (परदेशी लोकांच्या नोंदणीचं ऑफिस), पुन्हा व्हिसा.

ते सगळं निभावलं. मला रोज दिसतं ते वेगळंच. पर्यटक मित्र सीझनबरोबर येतात आणि मेमध्ये जातात. इथे वर्षानुवर्षं राहणारे परदेशी आपल्या-आपल्यात. गावातल्या बायका तिच्याशी गोड बोलतात, पण "कशी आहेस, जेवलीस का" याच्या पुढे गाडी जात नाही. पावसात गाव बंद झालं की ती व्हरांड्यात बसून असते. सासूबरोबर पातोळ्या करायला शिकली, हळदीची पानं पुसून ठेवते, पीठ पातळ थापते, आई म्हणते माझ्याहून बरी करते. तरी तिला तिची अशी एक मैत्रीण नाही. मी नवरा आहे, मी ती जागा भरू शकत नाही. कुळागर ताईंचं वाचल्यावर वाटलं, हिला तशी कोणी मिळायला हवी. तिला कोकणी समजतं, मराठी थोडं, बोलायला लाजते.

कुळागर
दांडो, उलटं कसलं, हेच तर विचारलं होतं मी. हिला म्हणावं मला फोन कर. मी लांब आहे पण बोलेन, पोर्तुगीज-कोकणी-इंग्रजी जे जमेल त्यात.

डिचोलीकर
ताई, मध्येच विचारतो, आजोबांचा जन्माचा दाखला सापडत नसेल तर पणजीला आर्काइव्हमध्ये मिळतो का?

कुळागर
जुन्या नोंदी असतात तिथे, पण आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे बघ. बाकी मेसेजमध्ये विचार, इथे धागा भरकटेल.

अबोली
आले. माझं मस्कतचं लिहिणार होते पण ते राहू दे, उद्या लिहीन. दांडो, मी हरमलची, तुझ्यापासून दहा मिनिटांवर. चवथीच्या फुगडीची तालीम सुरू झालीय आमची, मंगळवार आणि शुक्रवार. एक जण लग्न होऊन गेली म्हणून जोडी अडलीय. तिला पाठव. बोलायला लाजली तरी चालेल, फुगडीत हात घट्ट धरावे लागतात तेवढं येऊ दे. साडी नको, ड्रेस चालतो. देवळामागचा हॉल, साडेसहा.

दांडो
विचारून आलो. ती विचारते, चप्पल बाहेर काढायची का आणि काही खायला आणू का.

अबोली
चप्पल बाहेर. खायला पातोळ्या आण म्हणावं, तुझ्या आईने इतकी तारीफ केलीय तर.